दार वजा न करता

८ जानेवारी

मामा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं की तुम्ही पत्र न वाचता बाजूला ठेवता, म्हणून नुसता नमस्कार. मी टाचणी. हो, जिवंत आहे. इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल, तर तो राग थोडा वेळ खुंटीला टांगा, कारण काम तुमच्या आवडीचं आहे.

दादाने माझ्या खोलीला आतून जिप्सम बोर्ड लावायचं काढलंय. चारही भिंतींना. खालून ओल येते, पोपडे निघून शिवायला आलेल्या कपड्यांवर पडतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं त्याचंच म्हणणं. मी कधी तक्रार केली नव्हती. पण माझ्या खोलीसाठी काही करावं हे त्याच्या आपणहून मनात आलं, ह्याचं मला इतकं अप्रूप वाटलं की लगेच हो म्हणून बसले. वहिनीसुद्धा म्हणाली, वन्सं, खोली कशी उजळून निघेल बघा.

अडलंय ते बोर्ड किती लागतील ह्यावर. बोर्डवाला सकाळी एक आकडा सांगतो, संध्याकाळी दुसरा. दादा म्हणाला, मामांनी उभा जन्म ह्यात घालवला, त्यांना विचार, त्यांच्या शब्दापुढे ह्याचं काही चालायचं नाही. आकडे फोनवर सांगायचे नाहीत, कागदावर हवेत, हा तुमचा जुना हुकूम. म्हणून लिहितेय.

खोली चौदा बाय अकरा, उंची नऊ फूट. दारं दोन. एक आत स्वयंपाकघरात जाणारं आणि एक माझं, रस्त्याकडचं, पायरीवर बाहेर उघडणारं. दोन्ही तीन बाय सात. खिडकी चार बाय चार, बोळाकडची, जिच्यातून शेजाऱ्यांच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. बोर्ड इथे सहा बाय चारचा मिळतो. मी माझ्या अकलेने हिशोब केलाय. भिंती मोजल्या, दारं-खिडकी वजा केली, बोर्डाने भागलं. सतरा आले. तुम्ही हसणार हे ठाऊक आहे.

खुबा कसा आहे? लिफ्ट सुरू झाली का?

टाचणी

१६ जानेवारी

टाचणे,

हसलो. इतका हसलो की सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. ह्या घरात म्हाताऱ्याने हसायचीही सोय राहिलेली नाही.

आधी तुझ्या सतरांचा निकाल लावतो. अगं, तू कपडे शिवणारी बाई. शर्टाचं कापड सांगताना गळ्याच्या भोकाचं कापड वजा करतेस का? नाही ना? भोक पाडायचं असलं तरी कापड अख्खंच आणावं लागतं. हे तसंच. बोर्ड अख्खा येतो, दारापाशी आला की कापायचा, आणि कापलेला तुकडा दाराच्या माथ्यावर, खिडकीखाली, कुठल्यातरी कोपऱ्यात जिरतो. एवढ्याशा खोलीत दार-खिडकी वजा करायची नाही. सगळी भिंतच आहे असं धरायचं. मी शिकाऊ असताना एकदा वजा केली होती, तर उस्तादाने बोर्डाच्या तुकड्यानेच पाठ शेकली होती.

आता लिही. चौदा आणि अकरा पंचवीस, दुप्पट पन्नास. गुणिले उंची नऊ, झाले साडेचारशे. एक बोर्ड चोवीस फुटांचा, त्याने भागलं की पावणेएकोणीस. म्हणजे एकोणीस. वर मोडतोडीचे दोन. एकवीस. सोबत वेगळा कागद जोडलाय, "सर्व भिंती, दारांसह, एकवीस बोर्ड" असं लिहून खाली सही ठोकलीय. दादाला दे आणि म्हणावं, बोर्डवाल्याच्या नाकासमोर धर.

एक मात्र कळलं नाही. ओल असेल तर आधी पाणी कुठून मुरतंय ते बघायचं असतं. ओलीवर बोर्ड चढवणं म्हणजे तोंड न धुता पावडर लावण्यातला प्रकार. आणि चारही भिंतींना कशाला? रस्त्याकडची भिंत तर कोरडी ठणठणीत होती. मला चांगलं आठवतंय, कारण ती मीच फोडलीय. तुझ्या आईने मला बोलावून सांगितलं होतं, पोरीला शिवणाचं काढून द्यायचंय, तिला स्वतःचं दार पाड. दोन दिवस घण घातला तेव्हा ती भिंत हलली. मग चौकट बसवली आणि तुझ्या आईने पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतःच बाहेरून फिरून येऊन दार वाजवलं. आठवतं का?

लिफ्टचं काय विचारतेस. ती बंद ती बंदच. चौथ्या मजल्यावर मी बसलोय. गल्लोगल्ली जाऊन लोकांच्या खोल्या केल्या आणि स्वतः एकाच खोलीत येऊन पडलो. माझी हत्यारांची पेटीसुद्धा सूनबाईने माळ्यावर टाकलीय, मी खुर्चीवर चढून काही उद्योग करीन म्हणून. टेप तेवढा उशीखाली लपवलाय. कधीकधी काढतो आणि पलंग मोजतो.

तुझा टेपमामा

२५ जानेवारी

मामा,

एकवीस! तुमचा कागद दादाला दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, म्हणजे मामांनी दाराची जागापण धरलीय? मी अगदी ऐटीत सांगितलं की धंद्याचा नियमच तसा आहे, गळ्याचं भोक वजा करायचं नसतं. तो काही हसला नाही, पण खूश दिसला. कागदाची घडी करून खिशात ठेवली. ओलीबद्दल तुमचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाला बघू नंतर.

काम परवापासून. धुळीने मला खोकला होतो म्हणून दादा म्हणतोय, तोवर मावसबहिणीकडे जाऊन ये. तिकीटही त्यानेच काढून आणलं. इतकं माझ्या खोकल्याचं कुणाला पडलं नव्हतं आजवर. मशीन हलवायचं म्हणून जीव जरा वरखाली होतोय, पण वहिनी म्हणाली, आम्ही बघतो हो सगळं.

आई बाहेरून दार वाजवून आली होती, ते आठवतं. मी उघडलं, तर म्हणाली, उसवलेली पिशवी शिवून मिळेल का?

टाचणी

५ फेब्रुवारी

टाचणे,

काम झालं असेल एव्हाना. तीन गोष्टी बघ. सांध्यावर पट्टी नीट बसलीय ना, दाराच्या चौकटीशी बोर्डाची कड दाबून घेतलीय ना, आणि कापलेले तुकडे फेकले तर नाहीत ना. एखादा अख्खा बोर्ड उरला असेल तर तो उभा ठेवू नकोस, वाकतो. पलंगाखाली आडवा सरकव.

खोली कशी दिसते ते लिही. मला इथून तेवढाच विरंगुळा.

टेपमामा

२४ फेब्रुवारी

टाचणे,

पत्र मिळालं का? की नवी खोली मिळाली आणि मामा अडगळीत गेला? तुमच्याकडचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून मावसबहिणीकडे केला, ती म्हणते, टाचणी तर कधीच परत गेली. एक ओळ टाक. रागावलो नाहीये. रागावलोय, पण तेवढा नाही.

टेपमामा

८ मार्च

मामांना नमस्कार.

आपली दोन्ही पत्रं मिळाली. फोडलेली मिळाली. पोस्टमन आता माझ्या दाराशी येत नाही, घराच्या दाराशी येतो.

बहिणीकडून परतले तेव्हा खोली खरंच उजळली होती. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कुठे एक रेघ नाही. मी मधोमध उभी राहून माझं दार शोधत होते. आधी हसूच आलं, वाटलं, प्रवासाने डोकं फिरलंय, दिशा चुकतेय. मग कपाट दिसलं. माझंच कपाट, जिथे दार होतं तिथे ठेवलेलं.

दादाला विचारलं, तर आधी म्हणाला, रस्त्यावरून कोण येतं कोण जातं, काळ बरा नाही. मग म्हणाला, धूळ येते. शेवटी खरं काय ते निघालं. वेगळं दार म्हणजे वेगळं घर, आज ना उद्या वाटणीची गोष्ट निघणारच, त्यापेक्षा आधीच मिटवलेलं बरं. मामा, मी जन्मात कधी वाटणी हा शब्द काढला नाही. मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून आपण पाठवलेला कागद काढला. म्हणाला, "हे वाच. सर्व भिंती, दारांसह. मामांनीच दार भिंतीत धरलंय. आईच्या जागी आहेत ते. त्यांना पटलं, मग तुलाच का पटत नाही?"

खाली आपली सही होती.

दार बाहेरून तसंच आहे. पायरी तशीच, माझी पाटी तशीच. बायका येतात आणि वाजवतात. मी आत मशीनवर बसून ते ऐकते. ओरडून सांगते, पलीकडून या, घरातून या. आवाज बोर्डातून जात नाही की माझ्याच गळ्यातून निघत नाही, कोण जाणे. थोडा वेळ वाजवतात आणि जातात. ज्या घरातून येतात त्यांना वहिनी बसवून घेते आणि काय शिवायचं, कोणासाठी, कधी हवंय, सगळं विचारते. ती वाईट नाही, तिला नुसतं सगळं विचारावं लागतं. मी बाहेर निघाले की कुठे, आले की इतका वेळ कुठे. दोघी गिऱ्हाइकांनी कपडे न शिवताच परत नेले. एकीने खिडकीच्या गजातून माप द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

दिवसा दिवा लावून शिवते. मशीन थांबलं की खोली अशी गप्प होते की माझा श्वास मलाच ऐकू येतो.

एकच विचारायचंय. आपल्याला हे माहीत होतं का? दादाने आधी आपल्याला लिहिलं होतं का? असेल तर तसं सांगा, मी काही म्हणणार नाही. पण ज्यांनी ते दार पाडलं त्यांनीच बुजवायला मोजून दिलं असेल, तर मग ह्या जगात मला कुणाशी बोलायचं उरलं नाही.

आपली भाची

१५ मार्च

टाचणे,

(आणि हे पाकीट आधी फोडणाऱ्या माझ्या भाच्या, तुलाही आशीर्वाद. तुझ्यासाठीही लिहितोय, सावकाश वाच. वाचून झालं की घडी नीट घाल आणि तिला दे.)

नाही. मला माहीत नव्हतं. मला कुणी लिहिलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पत्र वाचून मी असा ओरडलो की सूनबाईने डॉक्टरला बोलवायची तयारी केली.

भाच्या, आता तू ऐक. मी दार धरलं, कारण तिथे दार आहे. बोर्ड आणून, तिथे कापून, दार मोकळं सोडायचं म्हणून धरलं. गळ्याचं कापड मोजलं म्हणजे गळा शिवून टाका असं शिंप्याने सांगितलं, असा अर्थ तू काढलास. शर्ट डोक्यात अडकून तू गुदमरला असतास तर कळलं असतं. तुला ते कळत होतंच, म्हणून तर बहिणीला गावाला पाठवून काम उरकलंस. माझ्या सहीमागे लपलास ह्याचं मला फार वाईट वाटलंय. तुझी आई असती तर तिलाही वाटलं असतं.

टाचणे, मी आलोच असतो. पत्र खाली ठेवलं आणि चपला घातल्या. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेलो आणि तिथे बसलोच, पुढे जाता येईना, मागे येता येईना. चिरंजीवांनी उचलून वर आणलं. सूनबाई रडली. तेव्हापासून बाहेरच्या दाराला वरची कडी लावतात, माझा हात पोचत नाही तिथे. प्रेमानेच लावतात गं. तुझ्या दादाचंही बहुतेक प्रेमच असेल. आपल्या दोघांवर माणसं इतकं प्रेम करतायत की श्वास घ्यायला जागा नाही.

तर मी येऊ शकत नाही. तुलाच करायचंय. घाबरू नकोस, बोर्ड म्हणजे भिंत नव्हे. दोन जाड कागदांच्या मधे दाबलेली पांढरी भुकटी, बस. कपाट बाजूला सरकव. बोटाच्या पेराने भिंत वाजवत जा. भरीव वाजतंय तोवर वीट जवळ आहे, ढब्ब वाजायला लागलं की मागे तुझं दार आहे. तुझ्या खडूने आखून घे, तीन बाय सात, तुझ्यासारखी सरळ रेघ कुणाला येणार आहे. मग धारदार कटर घेऊन रेघेवरून ओढ. जोर नको, दोन-तीनदा ओढ, कागद कापला की बाकीचं आपोआप मोडतं. मधोमध पत्र्याची एक उभी पट्टी लागेल, ती वर आणि खाली कापून काढायची. त्याला पत्रा कापायची कातर लागते. तुझी कापडाची कातर लावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

आणि हे दिवसाढवळ्या कर, दादा घरात असताना. तू काही चोरी करत नाहीयेस.

तुझा टेपमामा

९ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र दादाने माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. पाकीट फोडलेलं होतं, पण घडी नीट घातलेली होती. तो माझ्याकडे न बघता जेवला आणि उठून गेला.

मी ते वाचलं आणि आधी पोटभर रडले. तुमच्यावर संशय घेतला म्हणून रडले, आणि तुम्ही जिन्यावर बसलेले डोळ्यासमोर आले म्हणून रडले. मग दोन दिवस काहीच केलं नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायची सवयच झाली होती.

रविवारी सकाळी दादा घरात होता तेव्हा कपाट सरकवलं. पेराने वाजवत गेले. ढब्ब आवाज आला तिथे थांबले, आणि मामा, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी उलट वाजवलं. मला वाटलं भास झाला. पुन्हा वाजवलं. कोपऱ्यावरची नर्सबाई होती, तिचे कपडे कधीपासून माझ्याकडे पडून आहेत. मी ओरडले, थांबा, उघडते. ह्या वेळी आवाज गेला. ती म्हणाली, थांबते.

मग काय, खडूने आखलं आणि कटर ओढला. तुम्ही सांगितलं तसंच मोडलं, अंगभर पांढरी पूड. पट्टीपाशी मात्र अडलं. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. दादा आणि वहिनी दोघंही आवाज ऐकून उभे होते. मी विचारलं, पत्र्याची कातर कुठे आहे?

दादा म्हणाला, "ते दार उघडलंस तर घर वेगळं झालं असं समजेन मी."

मी म्हटलं, "मला घर नकोय दादा. दार हवंय."

वहिनीने एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, विचार करा. दादाने मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, इथल्या कपाटावर आहे.

पट्टी कापायला अर्धा तास गेला, हाताला फोड आले. शेवटी कडी काढली आणि दार ढकललं. उजेड असा आत आला की मला क्षणभर काही दिसेना. नर्सबाई पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मला बघून म्हणाली, अहो, तुम्ही पिठाच्या डब्यात पडलात का?

दादाने आपला शब्द खरा केला. दुसऱ्या दिवशी बोर्डवाल्याला बोलावून त्याने आतल्या दाराला बोर्ड ठोकले. दोन बोर्ड उरलेच होते, माझ्याच पलंगाखाली, तुमच्या सल्ल्याने आडवे. आता मोरीकडे जायचं तर घराला वळसा घालून जाते. खोलीतच एक छोटी शेगडी मांडलीय. गिऱ्हाईकं परत यायला लागलीत, पण संध्याकाळी मशीन थांबलं की बोर्डापलीकडून घराचे आवाज येतात. वहिनी भांडी लावते, दादा खोकतो. एका भिंतीतून सुटले आणि दुसरीच्या ह्या बाजूला आले, असं वाटून जीव कासावीस व्हायचा. मी दार परत मिळवलं ह्याचा पश्चात्ताप नाही, पण माझं माणूस गेलं असं वाटत होतं.

काल दुपारी दार उघडं टाकून शिवत बसले होते. उघडंच होतं, तरी कुणीतरी वाजवलं. वर बघितलं तर पायरीवर दादा. हातात त्याचा शर्ट. म्हणाला, कॉलर झिजलीय, उलटून लावून मिळेल का? इतक्या वर्षांत तो माझ्या खोलीत कधी दार वाजवून आला नव्हता, आतून सरळ यायचा आणि बोलायला लागायचा. मी ये म्हटलं. तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, इकडेतिकडे बघितलं, मी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, सरळ कापलंयस. मी म्हटलं, शुक्रवारी ये न्यायला.

तरी उठेना. बराच वेळ शर्टाच्या बाहीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "आतला बोर्ड काढायचा झाला तर जमेल का तुला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी मशीनकडे बघत होते म्हणून त्याला दिसलं नाही. लगेच हो म्हणून बसायची चूक एकदा झालीय. म्हटलं, मामांनी मोजलेली खोली आहे, मामा आल्याशिवाय मी एका बोर्डाला हात लावणार नाही. तो म्हणाला, मामा कसे येणार, चौथा मजला, लिफ्ट बंद. मी म्हटलं, ते तू बघ.

दादा येत्या रविवारी निघतोय. म्हणतो, पाठीवर घेऊन उतरवीन, लहानपणी त्यांनी मला घेतलं नव्हतं का. उशीखालचा टेप विसरू नका. आणि सूनबाईंना सांगून त्या दिवशी वरची कडी तेवढी काढून ठेवा. दादा दार वाजवेल.

तुमची टाचणी